‘मेल पाठवला आहे’ म्हणतं, पण मेल येत नाही: जँगोतल्या पासवर्ड रीसेटचं दरवर्षीचं दुखणं

बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाची साइट डोळ्यांपुढे आणा. सहा-सातशे सभासद, जँगो या पायथॉनच्या वेब-चौकटीवर लिहिलेलं एक अ‍ॅप, भाड्याचा छोटा सर्व्हर, आणि मेल जातात मंडळाच्या जीमेल खात्यातून. वर्षभर कुणी तिकडे फिरकत नाही. गणपतीच्या स्पर्धांची नावनोंदणी उघडली की एकाच आठवड्यात निम्म्या सभासदांच्या लक्षात येतं की पासवर्ड आठवत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबतात, पान म्हणतं ‘मेल पाठवला आहे’, मेल काही येत नाही. मग रावपुऱ्यातून, मांजलपुरातून सचिवांना फोन. सचिव म्हणतात ‘स्पॅम बघा’. स्पॅममध्येही काही नसतं.

गेल्या वर्षी हे दुरुस्त केलं होतं, मग यंदा पुन्हा का? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा कोडमध्ये नसतं, मंडळाच्या वार्षिक सभेत असतं. तिथे येऊच. आधी मेल नेमका कुठे अडला ते शोधायचं. ते न शोधता पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) बदलून बघ, टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारी सोय) काढून बघ, असं करत सुटलं की एका बिघाडाचे तीन होतात.

(सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन कॅपिटल अक्षरांत, मधल्या अंडरस्कोअरसह लिहायची.)

ते पान काहीच सिद्ध करत नाही

जँगोचं रीसेटचं पान मुद्दामच तोंड मिटून बसतं. दिलेला मेल पत्ता नोंदीत असो वा नसो, उत्तर एकच. नाहीतर कुणीही पत्ते टाकून सभासद कोण, कोण नाही, ते ताडून बघेल. पूर्वी निदान मेल सर्व्हरने नकार दिला की ५०० ची, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या बिघाडाची, चूक पडद्यावर आदळायची. त्यावरूनही पत्ता नोंदीत आहे हे कळत होतं, म्हणून सप्टेंबर २०२४ च्या सुरक्षा दुरुस्तीत, म्हणजे ४.२.१६, ५.०.९ आणि ५.१.१ पासून, रीसेटचा मेल पाठवताना झालेली चूक गिळली जाते आणि फक्त लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) नोंदवली जाते. ती नोंद करणाऱ्या लॉगरचं नाव ‘जँगो.कॉन्ट्रिब.ऑथ’.

खरी गंमत पुढे आहे. डीबग बंद असताना, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, जँगोची मूळ लॉगिंग व्यवस्था चुका कन्सोलवर छापत नाही. ती व्यवस्था त्या चुका अ‍ॅडमिनला मेलने कळवते. म्हणजे मेल जात नाही ही तक्रार मेलनेच पाठवायची! तोही जात नाही, आणि तिथली चूकही गिळलीच जाते. ‘अ‍ॅडमिन्स’ची यादी रिकामी असेल तर तेवढाही प्रयत्न होत नाही. त्यामुळे लॉग स्वच्छ, पान हसतमुख आणि सभासद वैतागलेले, असं चित्र तयार होतं.

म्हणून पहिलं काम लॉगिंगचं. सेटिंग्जमधल्या ‘लॉगिंग’ डिक्शनरीत ‘व्हर्जन’ १ आणि ‘डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स’ फॉल्स ठेवा, ‘हँडलर्स’मध्ये स्ट्रीमहँडलर वर्गाचा एक ‘कन्सोल’ जोडा, आणि ‘रूट’ला तोच हँडलर ‘वॉर्निंग’ पातळीवर द्या. जँगोच्या लॉगरमधल्या नोंदी रूटपर्यंत वर चढतात, त्यामुळे एवढ्यावर भागतं. सर्व्हिस पुन्हा सुरू करा, स्वतःच्या खात्यासाठी रीसेट मागा आणि जर्नलसीटीएल या लिनक्सवर सर्व्हिसचे लॉग दाखवणाऱ्या आदेशात त्या सर्व्हिसच्या नावाने बघा. ‘फेल्ड टू सेंड पासवर्ड रीसेट ईमेल’ अशी ओळ आणि तिच्याखाली पूर्ण ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठून आली त्याची साखळी) दिसला की अर्धं काम झालं. त्या ओळीत पत्ता नसतो, युजरचा क्रमांक असतो.

पान किती वेळात उघडलं तेही बघा. नोंदीतला पत्ता टाकूनही पान क्षणात आलं आणि मेल नाही, तर मेल सर्व्हरने ओळख नाकारली असेल, किंवा जँगोने मेल पाठवायलाच घेतला नसेल. पान सुमारे ३० सेकंद गरगरत राहिलं आणि मग ५०२ (मागच्या सर्व्हरकडून उत्तर नाही) आलं, तर पोर्ट बंद आहे. ईमेल_टाइमआउट न दिल्यास जँगो जोडणीची वाट बघत बसतो. गनिकॉर्न, म्हणजे जँगो चालवणारा सर्व्हर, आपल्या वर्करना (काम करणाऱ्या प्रोसेसना) मुळात ३० सेकंदांची मुदत देतो, ती संपली की तो वर्करच मारतो. ईमेल_टाइमआउटला १० द्या, म्हणजे निदान चूक तरी नीट नोंदली जाईल.

५३५: दरवर्षीचा पाहुणा

लॉगमध्ये ५३५ आणि त्यापुढे ५.७.८, ‘युजरनेम अँड पासवर्ड नॉट अ‍ॅक्सेप्टेड’ असेल तर आता वार्षिक सभेकडे वळा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड घेऊन बाहेरच्या अ‍ॅपने मेल पाठवायची सोय गूगलने साध्या खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केली. आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल आधीचे अ‍ॅप पासवर्ड रद्द करतं.

आता जोडून बघा. वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी आली. मावळत्या सचिवांनी खात्याचा पासवर्ड नव्यांच्या हवाली केला. नव्यांनी शहाणपणाने तो लगेच बदलला. त्याच क्षणी साइटचा मेल मेला. कळलं मात्र गणपतीत.

नवा अ‍ॅप पासवर्ड घेताना गूगल तो चार-चार अक्षरांच्या चार गटांत दाखवतं. मधल्या जागा काढून सलग १६ अक्षरं लिहा. ५३४ आणि ५.७.९ आलं तर कुणीतरी मुख्य पासवर्डच चिकटवला आहे. खात्यात अ‍ॅप पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर दोन टप्प्यांची पडताळणी बंद आहे, किंवा ती फक्त सुरक्षा-किल्लीवर ठेवली आहे.

पासवर्ड एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये (जिथून सर्व्हिस अशा किमती घेते) बदलला आणि तरी ५३५ येतंय? मग चालू प्रोसेसकडे जुनाच आहे. लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टमडी ती फाइल फक्त सर्व्हिस सुरू होताना वाचते. गनिकॉर्न रीस्टार्ट होतो आणि मागे कामं उरकणारा सेलरी वर्कर विसरला जातो, हे तर ठरलेलंच. मेल सेलरीतून जात असेल तर दोन्ही रीस्टार्ट करा. साइट डॉकरच्या कंटेनरमध्ये चालत असेल तर डॉकर रन एन्व्ह-फाइल घेताना अवतरणचिन्हंही पासवर्डचाच भाग धरतं, डॉकर कंपोझ ती काढून टाकतं. त्यामुळे ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’ हे वाक्य इथे खरं असू शकतं.

तपासण्यासाठी मॅनेज.पीवाय सेंडटेस्टईमेल आणि पुढे आपला पत्ता, एवढा आदेश पुरतो. तो चूक लपवत नाही. पण हा आदेश तुमच्या शेलमधल्या सेटिंग्ज वापरतो, सर्व्हिसच्या नाही. टेस्ट मेल आला आणि साइटवरून येत नसेल, तर नेमका हाच फरक आहे. चालू प्रोसेसच्या हाती काय आहे ते /प्रॉक/पीआयडी/एन्व्हायरन या फाइलमध्ये (पीआयडीच्या जागी प्रोसेसचा क्रमांक) रूट म्हणून बघता येतं.

पोर्ट आणि टीएलएस, थोडक्यात

५८७ असेल तर ईमेल_यूज_टीएलएस ट्रू. ४६५ असेल तर ईमेल_यूज_एसएसएल ट्रू. दोन्ही एकदम ट्रू केलं तर जँगो सरळ चूक देतो. सापळा दुसरीकडे आहे: एन्व्हायर्नमेंटमधून येणारं ‘फॉल्स’ हे पायथॉनच्या लेखी रिकामं नसलेलं अक्षरसूत्र असतं, म्हणजे ते ‘ट्रू’च धरलं जातं. ओएस.एन्व्हायरन मधून आलेली किंमत ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून बघा, तशीच देऊ नका.

बरेच क्लाउडवाले २५ नंबरचं पोर्ट बाहेरच्या दिशेने बंद ठेवतात. काही जण, उदाहरणार्थ डिजिटल ओशन, ड्रॉपलेट नावाच्या आपल्या सर्व्हरवर ४६५ आणि ५८७ सुद्धा. तिथे जीमेलचा नाद सोडून २५२५ किंवा, अ‍ॅमेझॉन एसईएस ही मेल सेवा असेल तर, २५८७ सारखं पोर्ट देणारी मेल सेवा घ्यावी. पोर्ट उघडं आहे का हे सर्व्हरवरून एनसी -व्हीझेड या आदेशाने पाच सेकंदांत कळतं. घरच्या वायफायवरून तपासून काही उपयोग नाही.

एसईएसवर गेलात तर दोन गोष्टी. नवं खातं सँडबॉक्समध्ये असतं: चोवीस तासांत २०० मेल, तेही आधी पडताळलेल्याच पत्त्यांवर. आणि एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या जोडणीचं) नाव-पासवर्ड हे एडब्ल्यूएसच्या, म्हणजे त्याच कंपनीच्या क्लाउडच्या, साध्या किल्ल्यांपेक्षा वेगळे असतात, शिवाय रीजनपुरते, म्हणजे ज्या विभागात काढले तिथलेच. मुंबईचे सिंगापूरवर चालत नाहीत.

काहींनाच मेल येत नाही

सचिवांना येतो, काकूंना येत नाही, आणि लॉगमध्ये चूकही नाही. मग बहुतेक जँगोने मेल पाठवायला घेतलाच नाही. रीसेटचा फॉर्म सक्रिय असलेल्या आणि वापरता येण्याजोगा पासवर्ड असलेल्या खात्यांनाच मेल पाठवतो. सभासदांची एक्सेल यादी चढवताना कुणी क्रिएट_युजर पासवर्डशिवाय वापरलं असेल तर त्या खात्यांचा पासवर्ड ‘न वापरण्याजोगा’ म्हणून नोंदला जातो. डेटाबेसमध्ये तो उद्गारचिन्हाने सुरू होतो, एका नजरेत ओळखू येतो. ही माणसं रीसेट मागत बसतात आणि त्यांना जन्मात मेल येत नाही.

उपाय: मॅनेज.पीवाय शेलमध्ये अशी खाती गाळून प्रत्येकाला सेट_पासवर्डने सीक्रेट्स.टोकन_यूआरएलसेफ(२४) चा स्वैर पासवर्ड द्या आणि सेव्ह करा. तो कुणाला सांगायचा नाही, रीसेटसाठी दार उघडं करायचं एवढंच. आधी डेटाबेसची प्रत काढा. गाळणी चुकली तर चालू सभासदांचे पासवर्ड उडतील.

घरात एकच मेल पत्ता असणं आपल्याकडे नवं नाही. नवरा-बायको दोघेही सभासद, पत्ता मुलाचा. अशा वेळी जँगो दोन्ही खात्यांसाठी दोन वेगळे मेल पाठवतो, पण विषय एकच असल्याने जीमेल ते एकाखाली एक घडी करून ठेवतं. मुलगा वरचा मेल उघडतो, आईचा म्हणून बाबांचा पासवर्ड बदलतो. मेलच्या विषयात युजरनेम घाला, हा घोळ संपतो. विषयाची टेम्प्लेट स्वतःच्या कोडमधून वापरत असाल तर शेवटची रिकामी ओळ स्ट्रिपने काढा, नाहीतर बॅडहेडरएरर. जँगोचा स्वतःचा फॉर्म ती काढतो, हाताने लिहिलेला कोड सहसा विसरतो.

गेला, पण पोचला नाही

लॉग स्वच्छ, सेंडटेस्टईमेल ठीक, खातंही वर सांगितल्यासारखं वगळलेलं नाही, मग मेल खरंच निघाला आहे. जीमेलमधूनच पाठवत असाल तर त्या खात्याचा ‘पाठवलेले’ फोल्डर उघडा, तिथे त्याची प्रत दिसते.

साध्या जीमेल खात्याची मर्यादा दिवसाला ५०० प्राप्तकर्त्यांची. सकाळी सांस्कृतिक समितीने त्याच खात्यातून सातशे सभासदांना कार्यक्रमपत्रिका पाठवायला घेतली की संध्याकाळच्या रीसेटला ५५० आणि ५.४.५ मिळणार. दोन्ही कामांना एकच खातं वापरू नका, बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल.

मंडळाच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असाल तर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू ओळख नसलेला मेल सहज आत घेत नाहीत. ५५० आणि ५.७.२६ म्हणजे तेच. पोचलेला एखादा मेल जीमेलच्या संगणकावरच्या पानात उघडा, तीन ठिपक्यांतून ‘मूळ दाखवा’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ (डोमेनतर्फे कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या दोन्हींवर आधारलेला नियम) या तिन्हींपुढे ‘पास’ हवं. नेहमीच्या चुका तीनच:

एकाच डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी. जुन्या होस्टिंगवाल्याची तशीच राहते, नव्या सेवेची शेजारी जोडली जाते, आणि नियमाप्रमाणे दोन्ही बाद होतात. एकच नोंद ठेवून तिच्यात दोन ‘इन्क्लूड’ लिहा. सगळ्या ‘इन्क्लूड’ वगैरे मिळून डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) चौकश्या १० च्या आत हव्यात.

डीकेआयएमच्या नोंदीचं नाव लिहिताना पूर्ण डोमेन टाकणं. बरीच डीएनएस पॅनेल डोमेन आपोआप जोडतात, म्हणून शेवटी डोमेन दोनदा येतं आणि नोंद सापडत नाही. सेव्ह केल्यावर डिग या आदेशाने नोंद दिसते का, याची खात्री करा.

डिफॉल्ट_फ्रॉम_ईमेल भरलेलाच नसणं. मग प्रेषक ‘वेबमास्टर अ‍ॅट लोकलहोस्ट’ होतो. जीमेलमधून जाताना तो बदलून खात्याचा पत्ता लागतो, त्यामुळे चूक झाकली जाते. दुसऱ्या सेवेवर गेलात की लगेच नकार.

मेल आला, लिंक चालत नाही

लिंकमध्ये ‘एक्झाम्पल.कॉम’ दिसलं तर जँगोच्या साइट्स अ‍ॅपमधली पहिली नोंद कुणी बदललीच नाही. अ‍ॅडमिनमध्ये जाऊन डोमेन लिहा. १२७.०.०.१:८००० दिसलं तर साइट्स अ‍ॅप नाही आणि जँगोच्या पुढे उभा असलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर मूळ होस्ट पुढे पाठवत नाही. लोकेशनच्या भागात प्रॉक्सी_सेट_हेडर होस्टला डॉलर-होस्ट, आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोला डॉलर-स्कीम द्या. जँगोत सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर लावा, नाहीतर लिंक एचटीटीपीनेच सुरू होईल.

‘लिंक अवैध आहे’ म्हणतंय? टोकन, म्हणजे लिंकमधली गुप्त खूण, तयार होताना त्यात युजरचा क्रमांक, पासवर्डचा हॅश (उलटवता न येणारं रूप), शेवटच्या लॉगिनची वेळ, मेल पत्ता आणि टोकन बनल्याची वेळ गुंफलेली असते. यातली एक गोष्ट बदलली की लिंक मेली. सभासदाने मधेच दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं तरी ती जाते. मुदत मुळात २,५९,२०० सेकंदांची, म्हणजे तीन दिवसांची. तीन वेळा रीसेट मागितलं तर तिन्ही लिंक चालू असतात, एक वापरली की बाकीच्या दोन बाद.

लिंक कधी चालते, कधी नाही, आणि रिफ्रेश करता करता माणूस लॉगआउटही होतो, असं असेल तर सीक्रेट_की, म्हणजे जँगोची सही करायची गुप्त किल्ली, बघा. सेटिंग्जमध्ये ती ‘एन्व्हायर्नमेंटमध्ये नसेल तर स्वैर बनव’ अशी लिहिलेली सापडेल. गनिकॉर्नचे तीन वर्कर असतील तर प्रत्येकाने आपापली वेगळी बनवली. एकाने सही केलेलं टोकन दुसरा ओळखत नाही. लिंक त्याच वर्करकडे गेली तरच चालते, म्हणजे फार तर तिनात एकदा. यावर लोकांनी कॅश साफ करण्यात दिवस घालवले आहेत. की एकच, कायमची, फाइलमध्ये ठेवा. ती नसेल तर अ‍ॅप सुरूच होऊ नये, हेच बरं.

पडताळणीची लिंक स्वतः लिहिलेली असेल आणि ती उघडताक्षणी ‘वापरली’ म्हणून नोंदत असेल, तर ऑफिसच्या पत्त्यांवर ती आधीच वापरलेली निघते. तिथले मेल तपासणारे यंत्र माणसाआधी लिंक उघडून बघतात. लिंकवर फक्त एक बटण दाखवा, काम ते बटण दाबल्यावर (पोस्टवर) करा. जँगोचा स्वतःचा रीसेट नुसत्या उघडण्याने टोकन खर्च करत नाही. ऑलऑथ हे जँगोसाठीचं लॉगिन-पॅकेजही मुळात तसंच वागतं.

पासवर्ड बदलला, तरी आत येता येत नाही

रीसेट मेल पत्त्यावरून होतो आणि तिथे लहान-मोठं अक्षर पाहिलं जात नाही. लॉगिन युजरनेमवरून होतं, तिथे पाहिलं जातं. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. जँगोच्या फॉर्ममधला युजरनेमचा रकाना ‘ऑटोकॅपिटलाइझ नन’ सांगतो, म्हणजे मोठं अक्षर नको, पण टेम्प्लेट सुंदर करताना हाताने इनपुट लिहिलं की ते निघून जातं. परत घाला.

आणि ओटीपी. मराठी कीबोर्डवर आकडे देवनागरी उमटत असतील तर माणूस ४८२१ टाइप करतो आणि अ‍ॅपपर्यंत देवनागरी चार, आठ, दोन, एक पोचतात. बडोद्यात तर गुजराती आकडेही येतात. पायथॉनचं इझडिजिट त्यांना आकडे म्हणतं, म्हणून फॉर्म ते घेतो. पण अक्षरसूत्र म्हणून ताडलं की जुळत नाही. तुलनेआधी प्रत्येक अक्षर युनिकोडडेटाच्या डिजिट फंक्शनमधून काढून रोमन आकड्यांत बदला. इंट वापरू नका, ते आकडे बदलतं, पण ०४८२ मधलं पुढचं शून्य खातं. इनपुटला ‘इनपुटमोड न्यूमेरिक’ही द्या.

पुढच्या वर्षासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या सोयीत) एकच नोंद: रोज सकाळी सात वाजता सेंडटेस्टईमेल, सर्व्हिसची तीच एन्व्हायर्नमेंट फाइल वापरून, आणि आदेश फसला तर निरोप मेलने नको, टेलिग्रामच्या बॉटने. नव्या सचिवांनी पासवर्ड बदलला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या आत कळेल.